फसवी रचना (लेखांक सातवा) : निशाणी आणि संमती

वर्गणीच्या सापळ्याचा विषय या खेपेस घ्यावयाचा होता. परंतु उदगीरच्या एका वाचकाचे पत्र आले आणि त्यातील प्रश्न मला इतका मूलगामी वाटला, की तो सापळा पुढील आठवड्यावर ढकलण्यावाचून गत्यंतर उरले नाही. लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या मुलीचे तिकीट या गृहस्थांनी मोबाईलवर काढले. भाडे, त्याखाली कर, आणि त्याहीखाली बारीक अक्षरांत, बरोबरची खूण आधीच करून ठेवलेला प्रवासविमा. पैसे वळते झाल्यावर तो ध्यानी आला. ‘खूण काढायची मीच राहिलो, आता तक्रार कोणत्या तोंडाने करू?’ असे ते विचारतात.

निशाणी केली म्हणजे संमती दिलीच का, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली, ती याच कारणाने, की खतावर कुळाची निशाणी असली म्हणजे अदालतीत बहुधा तेवढाच पुरावा पुरेसा होई. त्या निशाणीमागे काय घडले होते याची चौकशी क्वचितच होई. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासण्याचा अधिकार दिला. नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

ग्राहकाला नको ते नकळत स्वीकारायला लावणारी पडद्यावरील मांडणी म्हणजे फसवी रचना. तिच्यावर प्रबंध लिहिणारे अभ्यासक आज त्याच अर्थाने निशाणीच्या मागे जात आहेत. अरुणेश माथुर यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात डॉक्टरेट करीत असताना सहकाऱ्यांसह सुमारे ११ हजार खरेदी-संकेतस्थळे तपासून अशा रचनांची १,८१८ उदाहरणे २०१९ साली नोंदविली. परंतु पत्रलेखकास खरा दिलासा देणारे काम जेमी लुगुरी व लिओर स्ट्राहिलेविट्झ यांचे आहे. एक संशयास्पद सेवा लोकांपुढे ठेवून त्यांनी असे दाखविले, की सौम्य फसव्या रचनेने ती स्वीकारणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक, तर आक्रमक रचनेने जवळजवळ चौपट होते. आणि सौम्य रचनेला कमी शिकलेली माणसे अधिक बळी पडतात. आक्रमक रचना निदान चीड आणते आणि सावध करते. आमच्या पत्रलेखकाच्या तिकिटावरील खूण मात्र सौम्य जातीची होती, आणि म्हणूनच मी तिला अधिक घातक समजतो. ज्या अर्थी रचना बदलताच संमतीचे प्रमाण इतके बदलते, त्या अर्थी सगळा दोष ग्राहकाच्या गलथानपणावर टाकणे अन्यायाचे आहे.

आपल्या कायद्यानेही हे मानले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा तेरा प्रकारांना मनाई आहे. न मागितलेली वस्तू हिशेबात घुसविणे हा त्यांतलाच एक प्रकार. आणि विमा नाकारणाऱ्याच्या तोंडी ‘मी असुरक्षितच राहीन’ असे वाक्य घालून त्याला ओशाळे करणे हा दुसरा.

तेव्हा उदगीरकरांनी संकोच सोडावा, पावती व पडद्याचे चित्र जपून ठेवावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात संगणकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या तरुण वाचकांनाही एक विनंती: इंग्रजी बटणे अडखळत वाचणारा आपल्या भागातील ग्राहक अशा पडद्यापुढे नेमके काय करतो, हा विषय आपल्यापैकी कोणीतरी प्रबंधासाठी अवश्य घ्यावा.