औषधालाही न मिळणारे औषध

खारघरला टाटा स्मारक केंद्राचे जे कर्करोग संशोधन व उपचार केंद्र उभे आहे, तेथे विदर्भ-मराठवाड्यापासून कोकणापर्यंतचे रुग्ण येतात. आपल्या डॉक्टरांचे कौशल्य वादातीत आहे. तथापि कर्करोगाशी झुंजणाऱ्या माणसाला रोगाइतकेच छळणारे आणखी दोन शत्रू असतात : असह्य वेदना आणि न थांबणारी ओकारी. नेहमीच्या औषधांनी हे शत्रू हटले नाहीत, तर इंग्लंड, कॅनडा वा जर्मनी येथील डॉक्टर भांगेच्या झाडापासून सिद्ध केलेले औषध चिठ्ठीवर लिहून देऊ शकतो. नवी मुंबईतील डॉक्टराने काय करावे? आणि त्याच्या रुग्णाने कोणाचे दार ठोठवावे? हा प्रश्न आज आम्ही पहिल्या पानावर मांडीत आहोत. कारण ज्यांना तो सोसावा लागतो, ते मोर्चा काढण्याच्या स्थितीत नाहीत.

'गांजाला कायद्याने बंदी आहे,' एवढे सांगून या प्रश्नाची बोळवण करण्याची आपल्याकडे रीत आहे. हे अर्धसत्य आहे. अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा केंद्रीय कायदा उघडून पाहावा. त्याच्या आठव्या कलमात बंदी आहे खरी. पण त्याच कलमाने वैद्यकीय आणि शास्त्रीय प्रयोजनांना त्या बंदीतून वगळले आहे. दुसऱ्या कलमात तर 'औषधी भांग' अशी स्वतंत्र संज्ञा असून, भांगेचा अर्क किंवा टिंक्चर असा तिचा अर्थही दिलेला आहे. अशा अर्काच्या निर्मितीचे नियमन केंद्राकडे आहे. तो बाळगणे, विकणे व वापरणे यासंबंधी नियम करण्याचा अधिकार दहाव्या कलमाने राज्यांना दिला आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना रुग्णाची आठवण होती. विसर पडला तो कायदा राबविणाऱ्यांना. चार दशके लोटली. संज्ञा कायद्याच्या पुस्तकात आहे. औषध मात्र दुकानात औषधालाही सापडत नाही!

मग रुग्णापुढे वाटा कोणत्या उरतात? पहिली वाट आयुर्वेदाची. केंद्रीय कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पाने त्या व्याख्येत बसत नाहीत. त्यामुळे पानांपासून केलेली 'विजया' ही औषधे वैद्याच्या चिठ्ठीवर मिळू शकतात. परंतु आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदाही आहे, आणि त्याच्या लेखी भांगेचे पानदेखील मादक द्रव्यच ठरते. एका कायद्याने सोडलेले पान दुसऱ्याने पकडावे, यातून सामान्य माणसाने बोध तरी कोणता घ्यावा? शिवाय बाटलीतील द्रव्याची तीव्रता किती, हे पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन घरच्या माणसांच्या हाती नसते.

दुसरी वाट तेलाची. येथे तर कायदा स्वतःशीच अडखळतो. भांगेच्या अर्काला एक उपकलम 'औषधी भांग' म्हणते, आणि राळेच्या संहत तेलाला दुसरे उपकलम 'चरस' म्हणते. हातातील शिशी या दोहोंपैकी कोणत्या रकान्यात पडेल, याचा निर्णय रुग्ण करणार नाही, पोलीस ठाण्यात होईल. तिसरी वाट चोरबाजाराची. पुडीत काय भेसळ आहे, हे देणाराही जाणत नाही. पकडला गेला, तर एक किलोपर्यंतच्या 'अल्प' प्रमाणासाठीही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुडी जवळ का बाळगली, हे त्या कलमात पाहिले जात नाही. पुडीचे वजन पाहिले जाते.

भांग हे औषध आहे काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. तिचे औषधी गुण पाश्चात्त्य वैद्यकाला प्रथम आपल्याच देशातून कळले. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे १८९३-९४ च्या भांग आयोगाने १,१९३ साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदी अनावश्यक ठरविली. ज्या १९८५ साली आपण हा कडक कायदा केला, त्याच साली अमेरिकेने भांगेतील मुख्य द्रव्याच्या धर्तीवरील दोन कृत्रिम औषधे रसायनोपचारानंतरच्या ओकारीसाठी मान्य केली. २०१८ मध्ये तेथेच लहान मुलांच्या दुर्धर अपस्मारावर भांगेतून काढलेले औषध मंजूर झाले. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २०२० साली भांगेला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून वगळले, तेव्हा २७ विरुद्ध २५ अशा त्या मतदानात भारताचे मत बहुमताच्या बाजूने पडले. जगाच्या सभेत एक आणि घरात दुसरे, ही नीती आम्हांला समजत नाही.

मात्र अतिशयोक्तीही नको. भांगेने कर्करोग बरा होतो, असे सांगणारे लोक आशेचा व्यापार करीत आहेत. तिचे सेवन कोवळ्या मेंदूला अपायकारक आहे, आणि काहींच्या बाबतीत ते मनाचा तोल ढळविते. म्हणूनच ती शिक्षित डॉक्टराच्या हाती असावी, गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या दलालाच्या हाती नसावी.

न्हावा-शेवासारखे बंदर ज्या शहराच्या कुशीत आहे, तेथे अमली पदार्थांच्या तस्करीची धास्ती अवास्तव नाही. पण धास्तीपोटी रुग्णाचे दार बंद केले की काय होते, हे आपण मॉर्फिनच्या बाबतीत एकदा अनुभवले आहे. औषधासाठी कायदेशीरपणे अफू पिकविणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारचेच अफूचे कारखाने आहेत. तरीही १९८५ नंतर परवान्यांच्या जाचामुळे देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला आणि १९९७ साली अवघ्या १८ किलोवर आला. वेदनाशामक देशात तयार होत होते आणि रुग्ण तळमळत होते! अखेर २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. अनेक परवान्यांऐवजी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. विशेष हे की, त्याच दुरुस्तीने अल्प प्रमाणातील गुन्ह्याची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून एक वर्षावर नेली. दया आणि दंड एकाच कायद्यात नांदू शकतात, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

तीच पद्धत येथे लागू करावी, एवढीच आमची मागणी आहे. राज्य शासनाने दहाव्या कलमाखालील आपला अधिकार वापरून ठरावीक आजारांसाठी, नोंदणीकृत रुग्णालयांतून, प्रशिक्षित डॉक्टरांच्या सहीने औषधी भांग देण्याची स्पष्ट नियमावली करावी. अन्न व औषध प्रशासनाने प्रत्येक साठ्याची तपासणी व नोंद सक्तीची करावी. दारूबंदी कायद्याशी असलेली विसंगती दूर करावी, आणि अर्क व चरस यांतील सीमारेषा निःसंदिग्ध करण्यासाठी केंद्राकडे पाठपुरावा करावा. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने २०२४ साली औषधी व औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला. पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्राने निदान औषधापुरता तरी विचार करावा.

तस्करास तुरुंगात घालावे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण खाटेवरील रुग्णाला आणि तस्कराला एकाच नजरेने पाहणारा कारभार न्यायाचाही नव्हे आणि शहाणपणाचाही नव्हे. कायद्याने दिलेला शब्द पाळण्यास नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते. ती मंत्रालयाने आता दाखवावी.