आपल्याच वजनाची पकड

ऑक्टोबरमधली पहाट, उजाडायला अजून तासभर. अमेरिकेतल्या मिशिगनच्या सरकारी जंगलात एक माणूस पाठीवर छोटी पिशवी आणि हातात धनुष्य घेऊन झाडाखाली येतो. हे झाड त्याने आधी कधी चढलेलं नाही. थोड्या वेळात तो जमिनीपासून सहा मीटरांवर दोराला टेकून बसलेला असतो. खोडात खिळा नाही, खाच नाही, एकही फांदी तोडलेली नाही. दुपारी तो उतरून जाईल तेव्हा झाडावर काहीही राहणार नाही. वर जाण्याचं सगळं सामान मिळून पाच-सहा किलो भरतं.

झाडावर चढायचं कारण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. धनुष्याचा भरवशाचा पल्ला वीस-पंचवीस मीटर. एवढ्या जवळ आलेल्या हरणाला माणसाची जराशी हालचाल दिसते, आणि वास तर त्याच्या कितीतरी आधीच लागतो. उंचीवर बसलेला माणूस हरणाच्या नेहमीच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही, वासही काही वेळा डोक्यावरून निघून जातो. विस्कॉन्सिनने 1934 साली फक्त धनुष्यासाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम दिला आणि पुढे ही पद्धत बहुतेक राज्यांत पसरली. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता अशा शिकारीचा प्रश्नच उरत नाही. पण चढण्याची ही विद्या शिकारीपलीकडेही पाहण्यासारखी आहे.

गोव्यातला रेंदेर ताडी काढायला त्याच माडावर दिवसातून अनेकदा चढतो, म्हणून खोडाला खाचा पाडणं त्याला परवडतं. फिरत्या शिकाऱ्याचं उलट असतं. हरणं माणसाची बसायची जागा लवकर ओळखतात, त्यामुळे आज हे झाड तर उद्या दोन किलोमीटरवरचं दुसरं. शिवाय बऱ्याच सरकारी जमिनींवर झाडात स्क्रू पिळायला मनाई आहे. म्हणजे पकड हवी, पण जखम न करता आलेली.

ती पकड येते चढणाऱ्याच्याच वजनातून! खाली ओढणारी गोष्टच वर धरून ठेवते. मला या सगळ्यात थक्क करतं ते हेच.

यातली एक जुनी पद्धत म्हणजे दोन चौकटींचा चढता मचाण. प्रत्येक चौकट खोडाला वेढते. माणूस खोडापासून थोडा दूर, बाहेरच्या बाजूला बसतो. त्यामुळे चौकट खाली कलू पाहते. कलताना तिची एक कड खोडाच्या पुढच्या बाजूवर आणि मागची तार मागच्या बाजूवर दाबली जाते. दाब वाढला की घर्षण वाढतं आणि चौकट जागीच अडकते. वजन दुप्पट केलं तर दाबही दुप्पट होतो, म्हणून जाड माणूसही तितकाच टिकतो. वरची चौकट सरकवायची, मग पायांनी खालची ओढून घ्यायची. पण या मचाणाचं वजन बहुधा आठ-दहा किलो, आणि खोड हवं सरळ, वरपर्यंत बिनफांद्यांचं. असं झाड नेमकं हरणांच्या वाटेवर असेलच असं नाही.

म्हणून आल्या सुट्या शिड्या, म्हणजे क्लायंबिंग स्टिक. ॲल्युमिनियमचा हातभर-दीड हात लांब तुकडा, त्याला दोन-तीन पायऱ्या, वजन साधारण किलोभर. दोराने खोडाला आवळायचा, पाय ठेवला की त्याचे दात सालीवर घट्ट बसतात. मध्ये अंतर सोडत चार तुकडे एकावर एक बांधत गेलं की पाच-सहा मीटर झाले.

इथून पुढे धातू कमी होत जातो आणि दोर त्याचं काम घेतो. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर लाँच लागताना पाहा: खलाशी दोराचे दोन-तीन वेढे खुंट्याला देतो आणि अख्खी बोट एका हाताने थोपवतो. लेओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात यामागचं गणित मांडलं. प्रत्येक वेढ्यागणिक पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. घर्षणांक 0.25 धरला तर एका वेढ्याला सुमारे 5 पट, दोन वेढ्यांना 23 पट, तीन वेढ्यांना 111 पट! कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 साली प्रसिद्ध केलेली गाठ याच गुणाकारावर उभी आहे. जाड दोरावर बारीक दोरीचे वेढे. सैल असताना बोटांनी वर सरकतात. भार आला की आवळून चावतात आणि हलत नाहीत. सह्याद्रीत सुळके चढणाऱ्यांना ती चांगलीच ओळखीची आहे. दोरावरून चढण्याच्या अशाच तंत्रांनी पर्यावरणशास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी कोस्टा रिकाच्या मोंतेवेर्देतल्या झाडांच्या शेंड्यांवर पोहोचल्या. फांद्यांवर साचलेल्या मातीत झाडं स्वतःचीच मुळं सोडतात, हे त्यांनी 1981 साली जगापुढे मांडलं. 2015 मध्ये दोर तुटून त्या पंधरा मीटरांवरून पडल्या, वाचल्या, आणि पुन्हा कामाला लागल्या.

आता शिकाऱ्याची सॅडल पाहू: कमरेखाली बसणारी कापडी झोळी, खोडाला वळसा घातलेला दोर आणि त्यावर प्रुसिक. चढताना माणूस त्याच दोरावर टेकतो, म्हणून चार स्टिकऐवजी एकच पुरते. स्टिक बांधायची, तिच्यावर चढायचं, दोर वर सरकवून त्यावर लोंबकळायचं, मग खाली वाकून स्टिक सोडून वर बांधायची. उतरताना रॅपल, म्हणजे दोरावरूनच सरकत खाली येणं. काहीजण तीही एक स्टिक घरी ठेवतात आणि दोन दोर व पायाचा फास एवढ्यावर जातात.

मग सगळ्यांत हलकं तेच निवडावं का? मला तसं वाटत नाही. ऐंशी किलोचा माणूस सहा मीटर उचलायला लागणारी ऊर्जा जेमतेम एक किलोकॅलरी; स्नायूंची उधळपट्टी धरली तरी चार-पाच. थकवा येतो तो पुन्हा पुन्हा लोंबकळण्यात, अंधारात गाठी चाचपडण्यात. त्यातून घाम येतो, घामातून वास, आणि तासाभरात ओले कपडे अंगावर गार पडतात. वाट लांब आणि दलदलीची असेल तर एक स्टिक. गाडीपासून अर्ध्या किलोमीटरवर बसायचं असेल तर चार स्टिक न्याव्यात. तीनेक किलोचा फरक एवढ्या वाटेत फारसा कळणार नाही, चढताना मात्र जीव शांत राहील. वाकड्या, फांद्याळ ओकवर चौकटीचा मचाण नकोच.

पद्धत कोणतीही असो, पाय जमीन सोडतो त्या क्षणापासून पुन्हा टेकेपर्यंत दोर खोडाला जोडलेला आणि ताणलेला हवा. हे दोर फारसे ताणले जात नाहीत, त्यामुळे अर्धा मीटर ढील असली तरी झटका कंबर मोडण्याइतका बसू शकतो. आणि नवी दोरी, नवा दोर अशी प्रत्येक जोडी आधी गुडघाभर उंचीवर, पूर्ण भार टाकून तपासावी. दोन्हींच्या जाडीतला फरक कमी पडला तर तीच गाठ सरकते. एक वेढा वाढवून पुन्हा बघावं.