आरोग्यविम्याच्या योजनांची तुलना : एक विवेचन

ठाण्याच्या खाडीलगत असलेल्या कोलशेत येथे सँडोझचा, पुढे क्लॅरियंट या नावाने ओळखला गेलेला, रसायनांचा कारखाना होता. ठरावीक वेतनमर्यादेत येणाऱ्या कारखाना-कामगारास आजारपणासाठी विम्याची योजना निवडावी लागत नसे. १९४८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या राज्य कामगार विमा योजनेत वेतनातून वर्गणी कापली जाई आणि उपचार मिळत. आज त्या कारखान्याच्या जागी निवासी इमारती उभ्या आहेत. २०१७ पासून ही वेतनमर्यादा सर्वसाधारणपणे दरमहा २१,००० रुपये आहे. तीपलीकडील ज्या कुटुंबांस मालकाकडून अन्य विमासंरक्षण मिळत नाही, त्यांना योजना स्वतःच पारखून घ्यावी लागते.

ही पारख बहुधा दोनच आकड्यांवर होते : वार्षिक हप्ता आणि विम्याची रक्कम. हे दोन आकडे पुरेसे का नाहीत, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

‘अ’ व ‘आ’ या दोन्ही योजनांत विम्याची रक्कम ३ लक्ष रुपये आहे. ‘अ’मध्ये खोलीभाड्यास दररोज ३,००० रुपयांची मर्यादा आहे. ‘आ’मध्ये ती नाही, परंतु प्रत्येक देयकाचा १० टक्के भाग विमेदाराने सोसावयाचा आहे. रुग्ण ६,००० रुपये भाड्याच्या खोलीत चार दिवस राहिला. खोलीभाडे २४,००० रुपये, शस्त्रक्रिया व डॉक्टरांचे शुल्क १,२०,००० रुपये, औषधे व तपासण्या ५६,००० रुपये, असे एकूण देयक २ लक्ष रुपयांचे झाले.

‘अ’मध्ये खोलीभाड्याचे १२,००० रुपयेच मिळतील. शिवाय खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची असल्याने शस्त्रक्रिया व डॉक्टरांचे शुल्कही निम्मेच, म्हणजे ६०,००० रुपये, मान्य होईल. औषधे व तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही. एकूण १,२८,००० रुपये मिळून कुटुंबावर ७२,००० रुपयांचा भार पडेल. ‘आ’मध्ये तो केवळ २०,००० रुपये असेल.

यावरून ‘आ’ सर्वथा श्रेष्ठ, असा निष्कर्ष मात्र काढू नये. अनेक रुग्णालयांत खोलीच्या श्रेणीनुसार इतर शुल्कही बदलते. प्रमाणशीर कपातीचे कारण हेच होय. जेथे असा भेद नाही, तेथे ही कपात करता येत नाही. तोच रुग्ण ३,००० रुपयांच्या खोलीत राहिला आणि देयक १,५८,००० रुपयांवर आले, तर ‘अ’मध्ये सर्व रक्कम मिळेल, ‘आ’मध्ये १५,८०० रुपये पदरचे भरावे लागतील. सारांश, कोणती योजना हितकर हे आपण कोणत्या रुग्णालयात व कोणत्या खोलीत राहणार यावर अवलंबून आहे.

दुसरी बाब प्रतीक्षाकालाची. विमा घेण्यापूर्वीच असलेल्या मधुमेहासारख्या व्याधीसाठी हा काल, २०२४ च्या नियमांनुसार, कमाल ३६ महिने असू शकतो. व्याधी लपविल्यास मागणी नाकारली जाण्याचा धोका असतो. यास्तव घरात वृद्ध व्यक्ती असल्यास हप्त्याआधी प्रतीक्षाकाल पाहणे इष्ट.

या अटी विमापत्रासोबत मिळणाऱ्या ग्राहक-माहितीपत्रकात संक्षेपाने दिलेल्या असतात. दोन योजनांची पत्रके शेजारी ठेवावीत, आपल्या नेहमीच्या रुग्णालयाचे दर विचारून घ्यावेत आणि वरीलप्रमाणे हिशेब मांडावा. त्यातून दिसणारा फरक हप्त्यातील फरकाशी ताडून पाहिला, म्हणजेच तुलना पूर्ण झाली असे म्हणता येईल.