पिकअपचे पाटे आणि शॉकप : उंची नको, ओझे पहा



ऊस विकास विभागाने बेणे, लागण, खत आणि पाणी यांवर लिहावे. ते सोडून मोटारीच्या पाट्यांवर काय लिहिता, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. परंतु शिवारफेरीला निघाले की आता बऱ्याच वस्त्यांवर बैलगाडीच्या जागी पिकअप उभी दिसते. बेणे, रोपवाटिकेतली रोपे, खताच्या गोण्या, दुधाचे कॅन, टोमॅटोचे क्रेट, कांदा, डाळिंब, सारे तिच्यावरच चालते. कर्ज काढून घेतलेली ही गाडी म्हणजे दावणीची बैलजोडीच होय. बैल घेताना आपले वाडवडील त्याचे दात, खूर, खांदा पाहून घेत. तेवढी पारख आपण गाडीचे पाटे आणि शॉकप घेताना करतो काय, हा आमचा प्रश्न आहे.

अलीकडे तरुण मंडळींत गाडी उंच करण्याची टूम निघाली आहे. मोबाईलवर परदेशातल्या डोंगरदऱ्यांतून धावणाऱ्या गाड्या पाहायच्या आणि मेस्त्रीकडे जाऊन "लिफ्टचे शॉकप टाका, कॉइलओव्हर बसवा" म्हणायचे. त्या गाड्या हौसेच्या. आपली गाडी ओझ्याची. हा फरक ध्यानात घेऊनच पुढचे वाचावे.

ओझे पेलतो कोण ?

ओझे पाटा पेलतो, शॉकप पेलत नाही. खड्ड्यात चाक गेले की पाटा दबतो व पुन्हा उसळतो. त्याला आवरणारे कोणी नसेल तर गाडी झोपाळ्यासारखी हलत राहील. शॉकपच्या नळीत तेल असते आणि दट्ट्याला बारीक भोके असतात. त्या भोकांतून तेल दाबाने जाते, त्याची उष्णता होते आणि उसळी मरते. म्हणजे पाटा हा बैल आणि शॉकप हा कासरा. कासरा जाड घेतला म्हणून बैल जास्त ओझे ओढीत नाही.

कॉइलओव्हर म्हणजे वेटोळ्याची स्प्रिंग आणि शॉकप एकाच दांड्यावर बसवलेली जोडी. कित्येक पिकअपना पुढच्या बाजूस कंपनीचीच अशी स्प्रिंग असते, मागे मात्र पाटे असतात. हे उगीच नाही. पाट्यांचे ओझे चासीवर दोन ठिकाणी वाटले जाते. तेथे बाजारातला कॉइलओव्हर लावला, तर सगळा भार शॉकपच्या एका ब्रॅकेटवर येतो, आणि तो ब्रॅकेट तेवढ्यासाठी केलेलाच नसतो. शिवाय उंची कमी-जास्त करण्याच्या आट्यांत आपल्याकडचा काळा चिखल बसला, की पुढच्या वर्षी पान्याने त्या हलत नाहीत. तेव्हा मालाच्या गाडीला मागे पाटेच बरे.

आधी काटा, मग दुकान

आरसी बुकात गाडीचे रिकामे वजन आणि मालासह एकूण वजन दिलेले असते. दोहोंतली वजाबाकी हीच आपली मर्यादा, आणि तीत माणसेही आली. समजा ती १३०० किलो आहे. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा, रिकामा क्रेट दीड-दोन किलोचा. म्हणजे भरलेला सुमारे २२ किलो. दोन माणसे बसवून ५० ते ५५ क्रेट झाले की गाडी भरली. त्याच गाडीत १०० क्रेट रचले की २२०० किलो होतात, म्हणजे माणसे सोडून ९०० किलो जादा. मग "पाटे टिकत नाहीत" अशी तक्रार करण्यात काय अर्थ ? एकदा नेहमीचा माल भरून गाडी काट्यावर घालावी. पुढची चाके आणि मागची चाके यांचे वजन वेगवेगळे घ्यावे. तो आकडा खिशात असल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

पाटे कसे पाहावेत ?

रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत दोन्ही बाजूंनी माप घ्यावे. एक बाजू खाली असेल, अथवा रिकाम्या गाडीतच पाट्याची कमान सपाट झाली असेल, तर पाटे थकले असे समजावे. पाट्यावर आडवी गंजाची रेघ दिसली तर तेथे चीर असण्याचा संभव असतो. गॅसने तापवून कमान काढून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. तापवलेल्या पोलादाचे पाणी उतरते आणि काही दिवसांत कमान पुन्हा बसते. नवे पाटे दोन्ही बाजूंचे एकदम घालावेत. यू-बोल्ट नवे घ्यावेत आणि थोडे दिवस गाडी चालल्यावर पुन्हा आवळून घ्यावेत.

"एक पाटा वाढवून द्या" ही मागणी तर नेहमीचीच. पाटा वाढला की गाडी रिकामी असताना उडते, अर्धी भरली असता खालच्या थरातला टोमॅटो चेंबतो. आणि पाटा वाढवला म्हणून धुरा, बेअरिंग, टायर व ब्रेक काही वाढत नाहीत. अगदी गरजच असेल तर कंपनीने त्या गाडीसाठी दिलेला, माल भरल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा त्यातल्या त्यात बरा.

शॉकप घेताना

शॉकप दोन जातींचे. एकात नळीच्या आत नळी असते. तो स्वस्त, आणि बाहेरून दगड लागला तरी सहसा चालत राहतो. दुसऱ्यात एकच नळी आणि दाबाचा गॅस; तो लवकर थंड होतो, लांबच्या वाटेला चांगला, पण नळीला पोचा आला की दट्ट्या अडकतो. पाणंदीत दगडगोटे असतील तर पहिला, आणि बहुतेक फेऱ्या डांबरी रस्त्याने दूरच्या बाजाराला असतील तर दुसरा, असा आमचा साधा हिशेब आहे. दांडा जाड व गुळगुळीत असावा, कान नीट वेल्ड केलेले असावेत, बुश घट्ट असावेत. पक्के बिल घ्यावे. नामांकित कंपनीच्या डब्यात नकली माल येतो. गॅब्रिएल इंडिया ही शॉकपची कंपनी १९६१ सालची आणि तिचा एक कारखाना आपल्या शेजारी नाशिकलाच आहे. तेव्हा देशी मालाला कमी लेखून परदेशी नावाला भुलण्याचे कारण नाही.

कामातून गेलेला शॉकप ओळखण्याची एक युक्ती सांगतो. खराब रस्त्याने पाच-सहा मैल गाडी चालवून थांबावे आणि चारही शॉकपना जपून हात लावावा. जो गार आहे तो काम करीत नाही. तेल ओघळलेले असेल, अथवा टायर जागोजाग खड्डे पडल्यासारखा घासला असेल, तरी तेच समजावे.

उंचीचा धोका

आता मुद्द्याची गोष्ट. पठार भागातून माल भरून संगमनेरला येताना चंदनापुरी घाट उतरावा लागतो. पुष्कळ पिकअपना मागच्या धुऱ्याजवळ एक व्हॉल्व्ह असतो. गाडी मालाने दबली की तो मागच्या ब्रेकला जास्त जोर देतो; गाडी वर उचललेली असली की ती रिकामी आहे असे समजून जोर कमी करतो. ठोकळे घालून किंवा पाटे वाढवून गाडी उंच केली आणि हा व्हॉल्व्ह पुन्हा जुळवला नाही, तर भरलेली गाडी उतारावर असताना मागचे ब्रेक अर्धवटच लागतात. एका सभासदाच्या मुलाने अशीच गाडी उंच केली होती. उतारावर गाडी आवरेना, तेव्हा त्याने गिअरवर आणि नशिबावर ती थांबवली. क्रेटवर चार मजूर बसलेले होते. मेस्त्रीने मागचे ठोकळे काढून व्हॉल्व्ह जुळवल्यावर गाडी पूर्ववत झाली.

उंचीने गाडीचा तोल वर जातो, ब्रेकचा पाईप ताणतो, पुढची चाके वाकडी घासतात. जुना शॉकप आखूड पडून त्याचे कान तुटतात. कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही सांगितले आहे. जादा मालाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे.

पाणंदीच्या चाकोरीत गाडीचे पोट टेकते म्हणून उंची हवी, असे कित्येकजण म्हणतात. त्यांचे खोटे नाही. पण एकाने गाडी उंच केली तर एकाचीच निघेल. दहा जणांनी मिळून चाकोरी मुरमाने भरली, बाजूला चर काढला, तर दहा जणांच्या गाड्या, कारखान्याच्या टायरगाड्या आणि शाळेची पोरेही त्या वाटेने जातील. सहकाराने कालव्याच्या कडेचा ऊस गव्हाणीपर्यंत आणला. शंभर वावाची पाणंद त्याला जड नाही.

हंगाम सुरू होण्यापूर्वी एक दिवस काढून गाडी काट्यावर घाला, पाटे मोजा, शॉकप तपासा आणि माल मर्यादेत भरा. एक फेरी जास्त झाली तर डिझेलचा खर्च होईल, पण घाट उतरून गाडी, माल आणि माणसे घरी येतील.