कांचनजंगाचा कोपरा

संपादकांना मुंबईतल्या नव्या टॉवरवर लेख हवा होता. चार-पाच पाहिले. भिंती काचेच्या, वारा विजेच्या बिलावर. शेवटी पाय वळले कंबाला हिलकडे, १९८३ साली पुऱ्या झालेल्या कांचनजंगाकडे. चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहतांसोबत आखलेली ही इमारत. उंची सुमारे ८५ मीटर आणि घरं अवघी ३२!

पेडर रोडवरून मान वर केली की दिसतात ते कोपरे. पांढऱ्या ठोकळ्यातून कुणीतरी सुरीनं चौकोनी तुकडे कापून काढावेत तसे. प्रत्येक तुकडा म्हणजे दोन मजले उंच बागेची गच्ची. ही काही हौस नव्हे. मुंबईत समुद्र पश्चिमेला, वारा तिकडचा. पण दुपारचं ऊन आणि आषाढातली झडही तिकडूनच येते. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडा घालून तोड काढली होती. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून आकाशात नेला आणि घरं पूर्व-पश्चिम आरपार ठेवली, म्हणजे वारा एका बाजूनं शिरून दुसरीकडून निघतो. खोल्यांच्या पातळ्या खालीवर करून घरं एकमेकांत अडकवली आहेत.

मी मात्र अडकलो मधल्या गाभ्यापाशी. लिफ्टभोवतीचा हा काँक्रीटचा खांबच म्हणा ना, बाकी इमारतीच्या आधी उभा राहिला. साचा न काढता इंच इंच वर सरकवत न्यायचा, खाली काँक्रीट धरत जातं. या पद्धतीनं बांधलेली ही देशातली पहिली बहुमजली इमारत. आडव्या वाऱ्याचा जोर हा गाभा झेलतो. गच्च्या ६.३ मीटरपर्यंत अधांतरी बाहेर येतात, कोपऱ्याला टेकू नाही. पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतोच. हे गणित शिरीष पटेलांचं. खालचा केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूलही त्यांचाच.

कोरिया, मेहता, पटेल. याच तिघांनी १९६०च्या दशकात खाडीपलीकडे नवी मुंबई वसवायची कल्पना मांडली होती, लाखो लोकांसाठी. इथे ३२ कुटुंबं. मला हे टोचतं, पण त्याहून टोचतं ते असं की कोपऱ्याची ही युक्ती खाली उतरलीच नाही. ती स्वस्तातही जमली असती. पण बिल्डर विकतो चौरस फूट, आणि उंच मोकळी जागा त्या हिशेबात तोट्याची. जी बाल्कनी मिळते तिला घरमालक सरकत्या काचा लावून घेतो. त्याचं तरी काय चुकतं? खोली कमी पडते.

आमच्याही बाल्कनीला गेल्या मे महिन्यात काच लागली. तिथे आता मुलाचं अभ्यासाचं टेबल आहे, आणि पंखा दिवसभर चालू असतो.