करडईचे तेल : त्वचा आणि केश

धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरच्या टापूत करडई हे परंपरागत रब्बी पीक होय. तिचे घाण्याचे तेल खाण्यास चालते, तसे बाळाच्या अंगास लावण्यास योग्य आहे काय, हा प्रश्न विचारार्ह आहे.

नेहमीच्या वाणांच्या करडई तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलेइक अम्ल असते. शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. आणि त्वचेतील पाणी रोखून धरणारा स्निग्ध थर त्यावाचून नीट बांधला जात नाही. २००५ साली ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात करडई तेलाने मर्दन केलेल्या नवजात अर्भकांच्या रक्तात आवश्यक स्निग्धाम्ले, तर खोबरेलाने मर्दन केलेल्यांत संपृक्त स्निग्धाम्ले वाढल्याचे आढळले.

केसांची गोष्ट निराळी. खोबरेलातील लॉरिक अम्लाची साखळी आखूड व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते व प्रथिनांची झीज रोखते, असे रेळे व मोहिले यांनी २००३ साली दाखविले. रचनेने करडईजवळच्या सूर्यफूल तेलात हा गुण आढळला नाही.

तात्पर्य, त्वचेस करडई व केसांस खोबरेल अधिक अनुरूप ठरते. मात्र लिनोलेइक अम्लातील दोन द्विबंधांमुळे करडई तेल हवेत लवकर खवट होते. असे तेल कोवळ्या त्वचेस वर्ज्य समजावे.