बर्फ सरकला, वाट बदलली

युरोपातील माँ ब्लाँ पर्वतावर चढण्याच्या कित्येक जुन्या वाटा गेल्या ५० वर्षांत ओळखू न येण्याइतक्या बदलल्या आहेत. असे का होत आहे? आणि पर्वतावर जाणाऱ्यांनी यातून काय शिकायचे?

गास्तों रेब्यूफा हे फ्रान्सचे नामवंत गिर्यारोहक. १९५० साली अन्नपूर्णा शिखर सर करणाऱ्या फ्रेंच मोहिमेत तेही होते. १९७३ मध्ये त्यांनी माँ ब्लाँच्या परिसरातील १०० सुंदर वाटांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. वाटा सोप्यापासून अवघडापर्यंत क्रमाने लावलेल्या होत्या. पहिल्या वाटेपासून सुरुवात करायची आणि वर्षानुवर्षे चढत शंभराव्या वाटेपर्यंत पोहोचायचे, हे युरोपातल्या कितीतरी तरुणांचे स्वप्न होऊन बसले.

आज ते स्वप्न पूर्ण होणे शक्य नाही. फ्रेंच संशोधकांनी यांपैकी ९५ वाटांची तपासणी केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की ९३ वाटांवर हवामानबदलाचा परिणाम झाला आहे. त्यांतल्या २६ वाटा फारच बदलल्या आहेत आणि ३ तर उरलेल्याच नाहीत.

दगडांना जोडणारा बर्फ

माँ ब्लाँ म्हणजे 'पांढरा पर्वत'. फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवरचे हे आल्प्समधील सर्वांत उंच शिखर. ८ ऑगस्ट १७८६ रोजी शामोनी गावातले डॉक्टर मिशेल पाकार आणि स्फटिक गोळा करणारा जाक बाल्मा या दोघांनी ते प्रथम सर केले. माथ्यावर बर्फाचा जाड थर असल्याने शिखराची उंचीही स्थिर नसते. २०२१ मध्ये ती ४,८०७.८१ मीटर भरली, तर २०२३ मध्ये ४,८०५.५९ मीटर.

इतक्या उंचीवरच्या खडकांच्या भेगांत साचलेला बर्फ वर्षभर गोठलेला असतो. दोन विटांमधल्या चुन्यासारखा तो दगडांना धरून ठेवतो. उन्हाळा कडक झाला, की ही पकड सुटते आणि दगड कोसळू लागतात. कधी एखाद-दुसरा, तर कधी अख्खा कडाच!

द्रू शिखरावर असेच घडले. १९५५ मध्ये इटलीचे वॉल्टर बोनाती यांनी तिथला एक उभा सुळका एकट्याने, सहा दिवस झुंजून सर केला. त्या सुळक्याला त्यांचेच नाव मिळाले. जून २००५ च्या अखेरीस तो सुळका ढासळला. ज्या दगडांना बोट रोवून बोनाती वर गेले, ते दगडच आता दरीत पडले आहेत.

सर्वांत गजबजलेली वाट

माँ ब्लाँवर जाणारे बहुतेक लोक गूते वाट धरतात. तांत्रिकदृष्ट्या ही वाट सोपी समजली जाते. मात्र ३,१६७ मीटर उंचीवरील तेत रूस निवारा सोडून ३,८३५ मीटरवरील गूते निवाऱ्याकडे जाताना वाटेत एक घळ आडवी ओलांडावी लागते. ओलांडायला जेमतेम मिनिट-दोन मिनिटे पुरतात, पण वरून दगड येत असतात. तेत रूस आणि गूते यांच्यामधल्या या टप्प्यात १९९० ते २०१७ या काळात १०२ जणांचा बळी गेला आणि २३० जण जखमी झाले.

घळीत बर्फ भरलेला असतो, तोवर सुटे दगड बऱ्याच अंशी जागीच थोपून राहतात. बर्फ गेला, की ते मोकळे होतात. म्हणून जाणकार ही घळ भल्या पहाटे, गारठा असताना ओलांडतात. दुपारी परत येऊन ओलांडू म्हणणारा आपला जीव धोक्यात घालतो.

खाली गेलेली हिमनदी

शामोनीजवळची 'मेर द ग्लास', म्हणजे 'बर्फाचा समुद्र', ही फ्रान्समधील सर्वांत मोठी हिमनदी. १९०९ पासून तिच्या काठापर्यंत छोटी रेल्वे जाते. १९८८ मध्ये तिथून हिमनदीवर उतरण्यासाठी पाळणा बसवला, तेव्हा पाळण्यातून उतरल्यावर जवळजवळ लगेच बर्फावर पाय पडत असे. पुढे बर्फाची पातळी इतकी खचली, की तिथपर्यंत पोहोचायला ५०० हून अधिक पायऱ्या बांधाव्या लागल्या.

पर्यटकांची फक्त दमछाक वाढली. गिर्यारोहकांची अडचण मोठी आहे. हिमनदीवरून काठावरच्या निवाऱ्यांकडे जायचे, तर आता दगडमातीच्या उभ्या भिंती चढाव्या लागतात. त्यासाठी लोखंडी शिड्या ठोकल्या आहेत. बर्फ आणखी खाली गेला, की शिड्या आणखी लांबवायच्या, असे सारखे चालू असते.

हिमनदी परत देते

हिमनदी नुसती वितळत नाही, ती सरकतेही. १८२० साली माँ ब्लाँवर जाणाऱ्या एका तुकडीतले तीन वाटाडे हिमलोटाबरोबर बर्फाच्या भेगेत गाडले गेले. हिमनद्यांचे अभ्यासक जेम्स फोर्ब्स यांनी भाकीत केले होते, की सुमारे ४० वर्षांनी त्यांचे अवशेष खालच्या टोकाला बाहेर पडतील. १८६१ मध्ये ते खरोखरच बोसों हिमनदीच्या पायथ्याशी सापडू लागले.

याच बोसों हिमनदीशी भारताचीही एक दुःखद आठवण जोडलेली आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे 'कांचनजंगा' विमान माँ ब्लाँवर आदळले. त्यातील सर्व ११७ जण ठार झाले. डॉ. होमी भाभा त्यांत होते. त्यानंतर कितीतरी वर्षे बर्फ एकेक वस्तू परत करत राहिला. २०१२ मध्ये भारत सरकारच्या टपालाची थैली सापडली. २०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला पाचू आणि नीलम भरलेली पेटी मिळाली. ती त्याने प्रामाणिकपणे पोलिसांच्या स्वाधीन केली. २०२० मध्ये त्या काळची भारतीय वर्तमानपत्रे बाहेर आली. त्यांत इंदिरा गांधी पंतप्रधान होत असल्याची बातमी होती.

परत फिरण्याचे धाडस

पूर्वी जुलै-ऑगस्ट हा माँ ब्लाँवर चढाईचा खात्रीचा काळ असे. आता बर्फाच्या कित्येक वाटा भर उन्हाळ्यात टाळून वसंत ऋतूत केल्या जातात. जुलै २०२२ च्या उष्णतेत शामोनीच्या मार्गदर्शकांनी गूते वाटेने लोकांना नेणे थांबवले. तरीही काही हौशी मंडळी जातच राहिली. शेवटी ऑगस्टमध्ये त्या वाटेवरचे दोन्ही निवारे बंद करावे लागले. जाणाऱ्याने सुटकेच्या आणि अंत्यविधीच्या खर्चापोटी आधीच १५,००० युरो ठेवावेत, असा प्रस्तावही सें-जेर्व्हे गावाच्या महापौरांनी मांडला. अनेकांना तो क्रूर वाटला, पण दगडांचा मारा सुरू असताना शिखराचा हट्ट धरणाऱ्यांना वाचवायला जाणाऱ्यांचेही प्राण असतातच ना?

घरातले कोणी बर्फाच्या पर्वतावर निघाले असेल, तर सामानाच्या यादीबरोबर काही प्रश्नही विचारा. वाटेची माहिती या वर्षीची, या आठवड्याची आहे का? धोक्याचा टप्पा किती वाजता ओलांडणार? आणि किती वाजेपर्यंत शिखर गाठता आले नाही, तर मागे फिरायचे, हे निघण्यापूर्वीच ठरले आहे का?

पुस्तकातली वाट कागदावर तशीच राहते. पर्वतावरची वाट मात्र दर हंगामात नव्याने शोधावी लागते. ती सापडली नाही, तर मुकाट्याने परत फिरणे यात कमीपणा नाही. अनुभवी वाटाड्याची खरी ओळख तिथेच पटते.